शिकागोच्या उपनगरात घरासमोर प्रेअरी कशी लावावी

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गणपतीला घरी येणारे लोक विचारायचे, "पुढं एवढं रान का माजू दिलंय?" आता तेच लोक विचारतात, "ही रोपं कुठून आणलीस?" प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा अंगणातल्या या प्रेअरीबद्दल, म्हणजे इथल्या मूळच्या गवतं-फुलझाडांच्या माळाबद्दल, एकदा सगळं सविस्तर लिहिलेलं बरं.

हे सगळं ईशान्य इलिनॉयसाठी आहे: नेपरविल, ऑरोरा, शॉम्बर्ग आणि आसपास. दक्षिण विस्कॉन्सिन, आयोवा, वायव्य इंडियानातही बरंचसं लागू पडेल. टेक्सास किंवा न्यू जर्सीतल्या मंडळींनी पद्धत जरूर घ्यावी, झाडांची यादी मात्र उचलू नये. तिथली स्थानिक झाडं वेगळी.

पार्श्वभूमी थोडक्यात. इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, कारण एके काळी इथं सुमारे २ कोटी २० लाख एकर गवताळ माळ होता. १८३७ मध्ये जॉन डियरनं याच राज्यातल्या ग्रँड डीटूर गावात पोलादी नांगर बनवला. आधीच्या नांगरांना ही काळी चिकट माती लिंपून बसायची, पोलादी फाळावरून ती घसरून जाऊ लागली, आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळा माळ शेतीखाली गेला. मूळ प्रेअरी आज राज्यात एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उरली आहे, ती मुख्यतः जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेरुळांच्या कडेला. या माळावर जगणारे किडे, मधमाश्या, फुलपाखरं, पक्षी यांना आता आपली अंगणंच उरली आहेत. आणि अंगणात आपण काय ठेवतो? केंटकी ब्लूग्रास, जे मुळात केंटकीचंही नाही, युरोपातून आलेलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते: रोपं विकत घेणं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल. मे महिन्यात नर्सरीत जाऊन गाडी भरून रोपं आणायची आणि मग ती लावायची कुठं याचा विचार करायचा, या क्रमानं गेलात तर पैसे आणि उन्हाळा दोन्ही वाया जातील.

हाताशी काय काय हवं

- घराच्या क्लोजिंगच्या (खरेदी पक्की होण्याच्या) वेळी मिळालेला जागेचा सर्व्हे नकाशा (प्लॅट ऑफ सर्व्हे). हद्द आणि ईझमेंट (तुमच्या जागेतली, पण इतरांना वापरायचा हक्क असलेली पट्टी) त्यात दिसतात
- एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) नियमावली, असल्यास
- आपल्या व्हिलेजच्या किंवा सिटीच्या (म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या) तणविषयक नियमाची प्रत
- खोके, म्हणजे साधे तपकिरी कार्डबोर्ड. नुकतं घर बदललं असेल तर गॅरेजमध्ये पडलेलेच असतील
- लाकडाचा भुगा-चिपा (वुड चिप्स)
- खुरपं, फावडं, हातमोजे, लांब पाइप
- सशांसाठी बारीक जाळी

१. जागा ठरवा, आणि लहान ठरवा

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून बघा, सावली कुठं सरकते ते कळतं. जोराचा पाऊस झाल्यावर पाणी कुठं तुंबतं तेही बघून ठेवा. तुंबत असेल तर हरकत नाही, झाडं त्याप्रमाणे निवडायची.

पहिल्या वर्षी १०० चौरस फूट, म्हणजे १० बाय १० किंवा २० बाय ५. याहून मोठा वाफा धरू नका. तण काढायला घरात माणसं किती आहेत, हे आपलं आपल्याला माहीत असतं.

रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधली पट्टी तुमच्या दारासमोर असली तरी बहुधा व्हिलेजच्या ताब्यात असते. तिथं परवानगीशिवाय काही लावू नका.

२. कागद वाचा

कंटाळवाणं आहे, पण खरी भांडणं इथंच होतात. दोन वेगळे नियम असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला नियम व्हिलेजचा. बऱ्याच गावांत लॉनचं गवत ८ किंवा १० इंचांपेक्षा उंच वाढलं की नोटीस येते. नियमात 'वीड' कशाला म्हटलंय आणि मुद्दाम लावलेल्या फुलझाडांना किंवा 'नेटिव्ह लँडस्केपिंग'ला सूट आहे का, तेवढं शोधा. सापडलं नाही तर व्हिलेजला ईमेल करा. फोन नको, ईमेलच. उत्तर लेखी हाताशी राहतं.

दुसरा एचओएचा. इलिनॉयमध्ये २०२४ साली कायदा झाला आहे, त्यामुळे स्थानिक झाडं लावायला एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. पण त्यात अटी आहेत, आणि 'तण, आक्रमक झाडं, कचरा नसलेली, देखभाल केलेली बाग' ही त्यांतली मुख्य. तेव्हा कायद्याचा दाखला देत सुरुवात करण्यापेक्षा वाफ्याचा साधा आराखडा, झाडांची नावं आणि उंची एका कागदावर मांडून कमिटीला आधीच पाठवा. आमच्या सबडिव्हिजनमधल्या एका कुटुंबानं न कळवता पुढचं अंगण खणलं. झाडं होती उत्तम, पण पुढं सहा महिने पत्रव्यवहार चालला.

३. खणण्याआधी ८११

८११ हा जमिनीखालच्या वायरी-पाइप कुठं आहेत ते दाखवून घेण्यासाठीचा फोन नंबर. ही सेवा फुकट आहे. शिकागो शहराबाहेर 'ज्युली' नावाची संस्था हे काम बघते, शहरात वेगळी व्यवस्था आहे, पण फोन नंबर तोच. खणायच्या काही कामकाजाचे दिवस आधी कळवायचं. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात, झेंडे रोवतात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी इंटरनेट-फोनचा, निळा पाण्याचा. "खुरप्यानं वीतभर तर खणायचंय" असं म्हणून हे टाळू नका, इंटरनेटची केबल कधी कधी वीतभरावरच असते.

यात एक खाच आहे. तुमच्या खाजगी वायरी-पाइप, म्हणजे लॉन स्प्रिंकलर किंवा गॅरेजकडे नेलेली वीज, ते लोक दाखवत नाहीत. त्या तुमच्या तुम्हीच शोधायच्या.

४. लॉन मारा

सगळ्या कामाचा पाया हा. इथं घाई केली की पुढची तीन वर्षं गवत उपटत बसावं लागतं.

माझी पसंती खोक्यांना. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरुवात करा, म्हणजे मेपर्यंत जागा तयार होते. आधी लॉन अगदी तळाशी कापा. खोक्यांवरची चिकटपट्टी, स्टेपल, चकचकीत छापील थर काढून टाका. खोके असे पसरा की एकाची कड दुसऱ्यावर सहा इंच तरी चढेल. फट राहिली की गवत नेमकं तिथूनच डोकं काढतं. मग पाइपनं चिंब भिजवा आणि वर चार ते सहा इंच चिपांचा थर द्या. झाडं कापणाऱ्या कंपन्या ट्रकभर चिपा पुष्कळदा फुकट टाकून जातात, मात्र ट्रक म्हणजे ट्रक: ड्राइव्हवे आठवडाभर अडतो, आणि शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

कॅनडा थिसल आणि बाइंडवीड ही दोन तणं खोक्यांना जुमानत नाहीत. ती दिसली तर आधी महिना-दोन महिने खणून, उपटून जेरीस आणा. क्रीपिंग चार्लीही कडेनं परत घुसते, म्हणून वाफ्याभोवती फावड्यानं चार इंच खोल सरळ चर मारून ठेवा. हा चर पुढं वाफ्याची नीटस कड म्हणूनही उपयोगी पडतो.

तणनाशक? मोठ्या माळांचं पुनरुज्जीवन करणारे लोक ते जपून वापरतात, आणि त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही. पण १०० चौरस फुटांसाठी त्याची गरज नाही.

रोटोटिलर (माती उकरायचं यंत्र) मात्र नकोच. जमीन भुसभुशीत छान दिसते, पण मातीत वर्षानुवर्षं निजलेलं तणाचं बी वर येतं आणि पहिल्याच पावसात हिरवंगार उगवतं.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. वाफा म्हटला की आपला हात शेणखताकडं किंवा कंपोस्टकडं जातो. इथं तो आवरा. प्रेअरीची झाडं भुकेल्या जमिनीत काटक होतात. खत घातलं की ती लांबुडकी वाढून जुलैच्या वादळात आडवी होतात. कंपोस्ट मिरची-वांग्यांना घाला.

५. झाडं निवडा

हा सगळ्यात मजेचा भाग. नर्सरीत जाण्याआधी एकदा जुलै-ऑगस्टमध्ये खरी प्रेअरी बघून या. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममधली शुलेनबर्ग प्रेअरी १९६२ पासून उभी केलेली आहे. विल्मिंग्टनजवळच्या मिडेविनमध्ये बायसनही आहेत. शहरात असाल तर मिलेनियम पार्कमधली ल्युरी गार्डन बघा. तिथं सगळीच झाडं स्थानिक नाहीत, पण गवत आणि फुलं एकमेकांत कशी बसवायची ते तिथं छान दिसतं. कुठल्याही राखीव जागेतून बी किंवा रोप उचलू नका. ते बेकायदा आहे.

लहान वाफ्यासाठी चार फुटांच्या आतबाहेरची झाडं घ्यायची, आणि एप्रिल ते ऑक्टोबर काहीतरी फुलत राहील असं बघायचं. माझी यादी अशी:

*गवतं, वाफ्याचा साधारण तिसरा हिस्सा:* प्रेअरी ड्रॉपसीड, लिटल ब्लूस्टेम, साइडओट्स ग्रामा. नवखे लोक गवत गाळून नुसती फुलं लावतात, ती चूक आहे. गवतच फुलांना आधार देतं, तणाला जागा ठेवत नाही आणि हिवाळ्यात किड्यांना आसरा देतं. ऑगस्टच्या उन्हात ड्रॉपसीडला फुलोरा येतो तेव्हा भाजलेल्या धण्यांसारखा वास सुटतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावून आले होते.

*वसंत:* प्रेअरी स्मोक, गोल्डन अलेक्झांडर, ओहायो स्पायडरवर्ट. गोल्डन अलेक्झांडर हे गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं झाड, आणि ब्लॅक स्वॉलोटेल फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात. परसात शेपू लावत असाल तर हिरवी, काळ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी तुम्ही पाहिली असेल. ती हीच. पुढच्या वेळी साबणाचं पाणी मारू नका, चार काड्या शेपू तिला ठेवा.

*उन्हाळा:* बटरफ्लाय वीड, पेल पर्पल कोनफ्लॉवर, वाइल्ड बर्गमॉट, पर्पल प्रेअरी क्लोव्हर, रॅटलस्नेक मास्टर, वाइल्ड क्विनीन. वाइल्ड क्विनीनबद्दल एक गंमत: हे पार्थेनियम कुळातलं, म्हणजे १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेल्या आणि मग देशभर पसरलेल्या आपल्या गाजरगवताचं सख्खं भावंड. इथं मात्र ते शहाण्यासारखं एका जागी उभं राहतं, आणि त्याच्या पांढऱ्या गुच्छांवर किड्यांची जत्रा असते.

*शरद:* स्मूथ ब्लू अ‍ॅस्टर, शोई गोल्डनरॉड, रफ ब्लेझिंग स्टार. जागा ओलसर असेल तर बॉटल जेन्शियन घ्याच. त्याची निळी फुलं कळीसारखी मिटलेलीच राहतात. दणकट बंबलबी येते, पाकळ्यांचं टोक जोर लावून फाकवते, अख्खी आत शिरते, मागचे दोन पाय तेवढे बाहेर दिसतात. बारक्या माश्यांना ते जमत नाही.

मिल्कवीडबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. मोनार्क फुलपाखरू हा इलिनॉयचा राज्य-कीटक, आणि त्याची अळी मिल्कवीडशिवाय काहीही खात नाही. आपल्याकडे रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा असतो ना, त्याचा हा जवळचा नातलग, आणि रुई-मिल्कवीड दोन्ही चिकाची झाडं. मोठी झालेली अळी खायला बसण्याआधी पानाची मधली शीर देठाजवळ कुरतडते. चीक तिथंच गळून जातो, पान लोंबतं, आणि मग ती निवांत खाते. असं लोंबतं पान दिसलं की खाली वाकून बघा. मादी मध कुठल्याही फुलातला पिते, अंडी मात्र मिल्कवीडवरच घालते. सप्टेंबरमधली पिढी इथून उडून थेट मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत हिवाळा काढायला जाते, तेव्हा त्या प्रवासासाठी अ‍ॅस्टर आणि ब्लेझिंग स्टार फुललेले हवेत.

लहान वाफ्यात बटरफ्लाय वीड (तेही मिल्कवीडच), ओलसर जागी स्वॉम्प मिल्कवीड. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून धावतं, ते मागच्या कुंपणाजवळ लावा. दुकानात लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड मिळतं, ते इथलं नाही. ते घेऊ नका.

मिल्कवीडचा चीक डोळ्यांना वाईट. मुलांना हात धुवायला लावा.

आता खरेदीतले सापळे:

'वाइल्डफ्लॉवर मिक्स' नावाची चकचकीत पाकिटं घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा युरोपातली कॉर्नफ्लॉवर आणि ऑक्सआय डेझी असते.

लेबलवर लॅटिन नाव बघा. 'कोनफ्लॉवर' नावाखाली केशरी, दुहेरी पाकळ्यांचे, संकरित प्रकार विकले जातात. दुहेरी फुलात माशीला मध-पराग मिळणं कठीण. साधं मूळ रूप मागा.

रोपांवर निओनिकोटिनॉइड कीटकनाशक मारलंय का, हे तोंडानं विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा. मोठ्या साखळी दुकानांपेक्षा स्थानिक झाडांच्याच नर्सऱ्या बऱ्या: मनी (Monee) गावातली पॉसिबिलिटी प्लेस, मागवायचं तर मिनेसोटातल्या विनोनाची प्रेअरी मून. वसंतात वाइल्ड वन्स या स्थानिक झाडांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या शाखा आणि काही फॉरेस्ट प्रिझर्व्ह रोपांची विक्री ठेवतात. चांगली रोपं लवकर संपतात, जानेवारी-फेब्रुवारीतच ऑर्डर द्या.

कप प्लांट आणि कॅनडा गोल्डनरॉड लहान वाफ्यात नको. कप प्लांट देखणं असतं, पानांच्या वाटीत साठलेलं पाणी पक्षी पितात, पण ते आठ फूट वाढतं आणि वाफा गिळतं.

६. लावणी

कुंड्यांपेक्षा प्लग, म्हणजे ट्रेमधली बारकी रोपं घ्या. एक साधारण ३ ते ६ डॉलरला पडतं, पूर्ण ट्रे घेतला तर स्वस्त. हिशोब सोपा: एका चौरस फुटाला एक रोप. लोकांना हे फार दाट वाटतं. असू दे, मोकळी माती म्हणजे तणाला आमंत्रण.

मेचा मध्य उलटला की लावा. एका जातीची तीन ते पाच रोपं एकत्र ठेवा, माशीला एका फेरीत काम उरकतं आणि बघणाऱ्यालाही बाग मुद्दाम लावलेली आहे हे कळतं. बुटकी पुढं, उंच मागं. चिपा बाजूला सारा, खोक्याला फुली मारून कापा, खाली खड्डा करा, रोप मातीच्या पातळीला बसवून दाबा, पाणी द्या. चिपा खोडाला चिकटवू नका. पावसानंतर लगेच चिखलात पाय घालू नका, वाफसा येऊ द्या. इथली चिकण माती तुडवली की विटेसारखी होते.

बियांपासून करायचं असेल तर मार्ग वेगळा. बी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघड्या मातीवर टाकायचं, झाकायचं नाही. यातल्या बहुतेक बियांना थंडी-ओलाव्याचे काही आठवडे मिळाल्याशिवाय जाग येत नाही. स्वस्त पडतं, पण पहिल्या वर्षी तण कुठलं आणि रोप कुठलं हे ओळखता आलं पाहिजे. पहिल्यांदाच करताय तर प्लगच बरे.

७. पहिली दोन वर्षं

इथले जुने लोक सांगतात: पहिल्या वर्षी झाड झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उडी मारतं. पहिल्या उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही कारण सगळी वाढ मुळांची चालू असते. "मेलं वाटतं" म्हणून उपटू नका.

पाणी: पहिल्या वर्षी आठवड्याला एक इंच, पाऊस धरून. दुसऱ्या वर्षापासून फक्त कडक कोरड्यात.

खुरपणी: जूनपासून दर आठवड्याला थोडी थोडी. प्रत्येक रोपाचा कोवळेपणीचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वसंतात ओळखायला तोच उपयोगी पडतो.

ससे अ‍ॅस्टर आणि प्रेअरी क्लोव्हरचे कोवळे शेंडे एका रात्रीत साफ करतात. पहिल्या वर्षी जाळीची टोपली उपडी घाला. बर्गमॉटला उग्र वास असतो, त्याला हरणं सहसा तोंड लावत नाहीत.

डासांसाठी अंगणात फवारणी करणाऱ्या सेवेचा करार असेल तर तो बंद करा. त्या औषधाला डास, मधमाशी आणि मोनार्कची अळी यांतला फरक कळत नाही. डासांसाठी साठलेलं पाणी ओता, संध्याकाळी अंगणात पंखा लावून बसा.

८. शेजारी

वाफ्याभोवती दोन फूट लॉन राखा आणि ते वेळेवर कापा. कड सरळ असली की आतला पसारा लोकांना मुद्दाम केलेला वाटतो. एक छोटी पाटी लावा. नेपरविलच्या कन्झर्वेशन फाउंडेशनचा 'कन्झर्वेशन अ‍ॅट होम' कार्यक्रम आहे, अंगण त्यात बसलं तर ते पाटी देतात. या पाटीनं तक्रारी खरंच कमी होतात.

ऑगस्ट संपता संपता कुणीतरी येऊन म्हणणार, "तुमच्या गोल्डनरॉडनं मला शिंका येतात." गोल्डनरॉडचे पराग जड, चिकट असतात, ते किड्यांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. शिंका आणतं ते त्याच सुमारास फुलणारं रॅगवीड नावाचं तण. वाफ्यात रॅगवीड उगवलेलं नाही याची मात्र आधी खात्री करा, मग वाद घाला.

९. हिवाळ्यात काही करू नका, वसंतात उशिरा कापा

ऑक्टोबरात सगळं वाळलं की हात शिवशिवतात. कापू नका. कोनफ्लॉवरच्या बोंडांवर गोल्डफिंच बसतात, बर्फ पडला की जंको खाली सांडलेलं बी टिपतात, आणि पडलेल्या पानांत, पोकळ काड्यांत पुढच्या वर्षीचे किडे झोपलेले असतात.

एप्रिल संपताना, दिवस सलग उबदार व्हायला लागले की कापा, पण जमिनीलगत नको. १२ ते १८ इंचांचे खुंट ठेवा. काही लहान मधमाश्या त्या पोकळ काड्यांत अंडी घालतात. नवी पानं आली की खुंट दिसत नाहीत. कापलेल्या काड्या पिशवीत भरून फेकू नका, कुंपणाजवळ ढीग करून ठेवा. माळाला आग लावून साफ करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते प्रशिक्षित लोकांचं, परवाना घेऊन करायचं काम आहे. अंगणात त्याचा विचारही नको.

तिसऱ्या वर्षापासून उलटा प्रश्न येतो: झाडं जास्त होतात. बर्गमॉट पसरतो, अ‍ॅस्टर बी टाकून भलतीकडे उगवतो. मेमध्ये जमीन ओली असताना ही जास्तीची रोपं मुळासकट काढा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, नाव लिहा आणि त्याच आठवड्यात ज्यांनी मागितली होती त्यांना पोचवा. बटरफ्लाय वीड मात्र उकरू नका. त्याचं सोटमूळ एकदा तुटलं की ते पुन्हा धरणं अवघड. मागणाऱ्याला त्याच्या शेंगा द्या, नोव्हेंबरात पेरायला सांगा.